वाढीव हवेचा हिशेब

नैसर्गिक रीतीने हवा ओढणाऱ्या पेट्रोल इंजिनाची ताकद शेवटी त्याच्या सिलिंडरांत दर मिनिटाला किती हवा शिरते यावर ठरते. पेट्रोल हवे तितके आत सोडता येते. परंतु ते जाळायला लागणारा प्राणवायू पिस्टन खाली जाताना आत आलेल्या हवेतूनच मिळतो, आणि ही हवा आत ढकलण्याचे काम बाहेरचा वायुभार, म्हणजे समुद्रसपाटीवरील सुमारे १.०१ बार किंवा गॅरेजच्या बोलीत १४.७ पीएसआय, करत असतो. हा दाब यंत्राने वाढवला तर त्याच आकाराच्या सिलिंडरात अधिक हवा मावते, तिच्या जोडीला अधिक पेट्रोल जाळता येते आणि ताकद वाढते. टर्बोचार्जर हे काम सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूच्या ऊर्जेवर करतो: एकाच दांड्याच्या एका टोकाला जळक्या वायूने फिरणारे टर्बाइनचे चाक असते, दुसऱ्या टोकाला ताजी हवा दाबणारे कंप्रेसरचे चाक असते, आणि हा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. लोहाराच्या भात्याला बाहेरून हात लावावा लागतो. या भात्याला मात्र भट्टीतून निघणारा धूरच चालवतो. कारखान्यातून टर्बोविना आलेल्या गाडीला तो मागाहून, घरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी बसवणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांनी या कामात जमवलेले ज्ञान गंभीरपणे समजून घेण्याजोगे आहे, कारण एक भाग जोडल्याने संपूर्ण यंत्राचा समतोल कसा बदलतो याचे इतके स्पष्ट उदाहरण अन्यत्र सहसा सापडत नाही.

या यंत्राची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट मागितले, परंतु तिला व्यवहारात यश यायला वीस वर्षे जावी लागली. १९२५ साली दहा सिलिंडरांच्या सागरी डिझेल इंजिनांवर त्याने टर्बो बसवले आणि त्यांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन चालवले होते. सपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० पर्यंत घसरले आणि टर्बो जोडताच ३५६ वर परत आले. उंचीमुळे गमावलेली हवा परत मिळवणे, एवढाच त्या प्रयोगाचा हेतू होता. सपाटीवरच्या इंजिनाला त्याच्या हक्कापेक्षा अधिक हवा देणे हा त्यानंतरचा विचार, आणि मोटारगाडीच्या बाबतीत सगळ्या अडचणींचा उगम तिथेच आहे.

पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक असलेली १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर या संदर्भात आवर्जून अभ्यासावी अशी आहे, कारण आजही घरी टर्बो बसवणारा माणूस तिच्याच वाटेने जातो. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाला टर्बो जोडला, पण त्याचा कंप्रेशन रेशो १०.२५ इतका चढा राहू दिला. कंप्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाला असताना सिलिंडरात असलेली जागा आणि तो माथ्याला पोहोचल्यावर उरलेली जागा यांचे गुणोत्तर. नैसर्गिक इंजिनात हे गुणोत्तर जितके जास्त तितकी इंधनाची शक्ती अधिक वसूल होते. मात्र आधीच दाबून आणलेली हवा अशा इंजिनात पुन्हा दहापट आवळली की मिश्रण इतके तापते की ठिणगीची वाट न पाहता ते स्वतःच पेट घेऊ लागते. यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे द्रावण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारले जाई. मालकांनी ही टाकी भरत राहणे अपेक्षित होते. ते अनेकांकडून झाले नाही, आणि टाकी रिकामी झाल्यावर संरक्षणासाठी दाब रोखला जात असल्याने टर्बोचा लाभही मिळेना. अखेर १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून त्याजागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. नैसर्गिक इंजिनासाठी ठरवलेले कंप्रेशन आणि वर टर्बोचा दाब, हा पेच तेव्हाच्या बलाढ्य कारखान्यालाही सुटला नव्हता, आणि घरच्या बांधणीत नेमका हाच पेच पहिल्या दिवसापासून समोर असतो.

घरगुती टर्बोची विद्या खऱ्या अर्थाने ज्या गाडीवर घडली ती म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५, अमेरिकेतील लोकांच्या तोंडी मियाटा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दिसली. दोन आसने, मागची चाके फिरवणारी रचना, जेमतेम एक टनाच्या आसपास वजन आणि १.६ लिटरचे, ६,५०० फेऱ्यांना ११६ अश्वशक्ती देणारे चार सिलिंडरी इंजिन असा तिचा बांधा होता. वळणांवर तिचे कौतुक सर्वांनी केले, पण सरळ रस्त्यावर ती मंद वाटते ही तक्रारही लगेच सुरू झाली. ही तक्रार घरच्या घरी दूर करता येईल असे लोकांना वाटण्याला भक्कम कारण होते: तिच्या इंजिनाचे कूळ माझदाच्या ३२३ या गाडीच्या टर्बो इंजिनाशी जुळलेले होते, त्यामुळे त्याचा खालचा भाग, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगे, मुळातच दणकट होता, कंप्रेशन रेशो ९.४, म्हणजे जेटफायरपेक्षा पुष्कळ बेताचा होता, आणि इंजिन लांबीत ठेवलेले असल्याने बाजूला टर्बो बसवायला जागा होती. टेक्सासमधील कॉर्की बेल या अभियंत्याने या गाडीसाठी टर्बोचे संच तयार केले आणि १९९७ साली ‘मॅक्झिमम बूस्ट’ हे पुस्तक लिहिले, जे या विषयात आजही आधारग्रंथ मानले जाते. वर्षानुवर्षे हजारो हातांनी उघडलेले, मोडलेले आणि पुन्हा उभे केलेले हे इंजिन असल्याने त्याच्या मर्यादा नेमक्या ठाऊक आहेत, म्हणून पुढील सारे विवेचन त्याच्याच आकड्यांवर उभे केले आहे.

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते, म्हणजे १.६ लिटरचे इंजिन ६,५०० फेऱ्यांना मिनिटाला ५,२०० लिटर हवा ओढू पाहते. प्रत्यक्षात झडपांच्या आणि नळ्यांच्या अडथळ्यांमुळे त्यातील सुमारे ८५ टक्के हवा आत पोहोचते असे धरले, तर साधारण ५.२ किलो हवा दर मिनिटाला इंजिनातून जाते. आता टर्बोने ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय वाढीव दाब दिला तर आतला एकूण दाब बाहेरच्या दीडपट होतो, आणि प्रथमदर्शनी असे वाटते की हवाही दीडपट जाईल. तसे होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. बाहेर २७ अंश सेल्सिअस असताना ही दाबणी संपूर्ण आदर्श असती तरी हवा ३७ अंशांनी तापली असती. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ही वाढ ५३ अंशांची होते आणि हवा ८० अंशांवर पोहोचते. तापलेली हवा पसरते, म्हणून दीडपट दाब असूनही तिची घनता फक्त २७-२८ टक्क्यांनी वाढते. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेने हवा थंड करणारा रेडिएटर, बसवला आणि त्याने या वाढीव उष्णतेपैकी ७० टक्के काढून घेतली, तर हवा ४३ अंशांवर येते आणि घनतेतील वाढ ४२ टक्क्यांपर्यंत जाते. ५.२ किलोचे सुमारे ७.४ किलो होतात. इंटरकूलर ही शोभेची वस्तू आहे असे मानून तो पुढे ढकलणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा; विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना हीच दाबणी हवेला शंभर अंशांवर नेते, आणि अशी हवा ताकद तर कमी देतेच, शिवाय अकाली ज्वलनालाही आमंत्रण देते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. मिनिटाला ७.४ किलो हवा ५३ अंशांनी तापवत दाबायला सुमारे साडेसहा किलोवॅट शक्ती लागते. टर्बो ती सायलेन्सरकडे वाया चाललेल्या वायूतून घेतो. बाजारात ‘इलेक्ट्रिक टर्बो’ या नावाने विकले जाणारे छोटे पंखे तीच गोष्ट गाडीच्या बॅटरीवर करून दाखवण्याचा दावा करतात. त्यासाठी बारा व्होल्टच्या जोडणीतून पाचशेहून अधिक अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण साठ ते नव्वद अँपिअर देतो. असा पंखा घेणाऱ्याची सरळ फसवणूक होते, यात मतभेदाला जागा नाही.

हवा वाढली की इंधनाचा प्रश्न येतो, आणि बहुतेक घरगुती बांधण्या इथेच बिघडतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. परंतु दाबाखाली चालणाऱ्या इंजिनाला मिश्रण मुद्दाम अधिक पेट्रोलचे, सुमारे साडेअकरास एक, असे ठेवले जाते, कारण जास्तीचे पेट्रोल बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि ज्वलनाचे तापमान आटोक्यात राहते. ७.४ किलो हवेला या प्रमाणात मिनिटाला सुमारे ०.८६ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे चार इंजेक्टरांपैकी प्रत्येकाला २१५ घनसेंटिमीटर. मूळ मियाटाचा इंजेक्टर पूर्ण उघडा राहिला तरी मिनिटाला दोनशेच्या थोडेसेच वर देतो, आणि इंजेक्टर सदैव उघडा ठेवणे ही त्याची नेमकेपणावरची पकड सुटल्याची खूण आहे. शहाणा बांधणारा त्याला ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही. म्हणून मोठे इंजेक्टर हवेत. पण मोठे इंजेक्टर बसवले की मूळ संगणक, म्हणजे ईसीयू, तितकाच वेळ ते उघडे ठेवून इंजिनाला पेट्रोलमध्ये बुडवतो, कारण इंजेक्टर बदलले हे त्याला कळण्याची सोय नसते. शिवाय १९९३ पर्यंतच्या मियाटात हवेचे मोजमाप एका झुलत्या झडपेने होत असे: हवा जितकी जास्त तितकी झडप उघडी. ती एकदा पूर्ण उघडली की त्यापुढे आत येणारी प्रत्येक वाढीव लिटर हवा संगणकाला अदृश्य असते. टर्बोने आणलेली जास्तीची हवा नेमकी याच आंधळ्या पट्ट्यात पडते.

नव्वदच्या दशकातील संच यावर एक ढोबळ उपाय करत. इनलेटमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील, दाब वाढला की इंधनाच्या नळीतला दाब त्याहून झपाट्याने वाढवणारा नियामक बसवला जाई, जेणेकरून तेच इंजेक्टर तेवढ्याच वेळात अधिक पेट्रोल देतील. हा उपाय थोड्या दाबापर्यंत चाले, मात्र त्यात मिश्रण अचूक ठेवण्याची ताकद नव्हती. खरे वळण २००१ च्या सुमारास आले, जेव्हा ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोन अमेरिकी अभियंत्यांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंधन-नियंत्रक सुट्या भागांच्या स्वरूपात लोकांसमोर ठेवला. तो विकत घेणारा स्वतः सर्किट बोर्डावर भाग झाळत असे, स्वतः तो गाडीला जोडत असे आणि लॅपटॉपवर इंधनाचा तक्ता भरत असे, ज्यात एका बाजूला इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला इनलेटमधील दाब, आणि प्रत्येक चौकटीत त्या स्थितीला द्यायच्या पेट्रोलचे प्रमाण असते. मोटारदुरुस्तीच्या इतिहासात या यंत्राला मोठे स्थान दिले पाहिजे, कारण तोवर कारखान्याच्या कुलपात असलेला निर्णय त्याने सामान्य माणसाच्या हाती दिला. त्या निर्णयाची जबाबदारीही अर्थातच त्याच हातांत आली.

ही जबाबदारी किती गंभीर आहे हे नॉकिंग समजून घेतल्याशिवाय कळत नाही. निरोगी ज्वलनात ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर क्रमाने पसरत जाते आणि पिस्टनवर एकसंध दाब देते. ज्वाला अजून पोहोचलेली नाही अशा कोपऱ्यातले मिश्रण मात्र या वेळी दोन्हीकडून चेपले जात असते. ते फार तापले तर ज्वाला येण्याआधीच एकदम पेटते आणि त्यातून तीव्र दाबलहरी उठतात. धातूच्या पृष्ठभागाशी वायूचा जो संथ पातळ थर पिस्टनला उष्णतेपासून वाचवत असतो तो या लहरी उधळून लावतात, आणि मग पिस्टनच्या कड्यांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट फुटते किंवा पिस्टनचा माथा वितळू लागतो. वाढीव दाबाखाली, पूर्ण वेगात, हे घडायला काही सेकंद पुरतात. टर्बो नसलेल्या गाडीत नॉकिंगचा किटकिट आवाज ऐकून पाय सैल करण्याइतका अवधी पुष्कळदा मिळतो; टर्बोच्या गाडीत तो आवाज हवेच्या आणि सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. यावर तीन आयुधे आहेत. पहिले, ऑक्टेन: इंधनाचा अकाली पेटण्याला असलेला विरोध. भारतातील साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे आणि महागडे ९५ चे असे, आणि २०२० च्या अखेरीस १०० ऑक्टेनचे पेट्रोलही काही शहरांत मिळू लागले. दुसरे, ठिणगीची वेळ: दर एक पीएसआय वाढीव दाबामागे ठिणगी साधारण एक अंश उशिरा टाकावी असा जुना ठोकताळा आहे, ज्याने थोडी ताकद जाते पण पिस्टन वाचतो. तिसरे, मिश्रणातील जास्तीचे पेट्रोल, ज्याचा उल्लेख वर आला. इथे भारतीय वाचकाने आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भागच हवा लागते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेला इंधनाचा तक्ता या इंधनावर मिश्रण कोरडे पाडतो, आणि परदेशी तक्ता जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्याला तो घात करू शकतो.

मिश्रण खरोखर कसे आहे हे कानाने, नाकाने किंवा प्लगच्या रंगाने ओळखण्याचे दिवस गेले. कारखान्याने बसवलेला साधा ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो. साडेअकरा आणि तेरा यांतला फरक, ज्यावर इंजिनाचे आयुष्य ठरते, तो त्याला दिसत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो, जो मिश्रणाचे प्रत्यक्ष गुणोत्तर आकड्यात दाखवतो. जाणकार बांधणारे गाडीला टर्बो जोडण्याच्या आधीच हा सेन्सर आणि नवा ईसीयू बसवून गाडी काही काळ नैसर्गिक स्थितीतच चालवतात, म्हणजे वायरिंगच्या चुका आणि तक्त्यातल्या चुका दाबाविना, धोक्याविना निस्तरतात. या क्रमाचा आग्रह धरावा तेवढा थोडा आहे.

नळ्या आणि जोड यांचे काम बाहेरून यांत्रिक आणि कमी बौद्धिक वाटते, पण अपयशांची मोठी संख्या तेथेच आढळते. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू नऊशे अंशांच्या आसपास असतो, आणि त्याला वाहून आणणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दर वेळी तापून लांबते व थंड होऊन आखडते. शिवाय टर्बोचे संपूर्ण वजन त्याच्यावर लटकलेले असते. स्टेनलेस स्टीलच्या नळ्या वेल्ड करून बनवलेले सुंदर मॅनिफोल्ड पुष्कळदा जोडाच्या कडेला तडकते, तर बिडाचे ओबडधोबड मॅनिफोल्ड वर्षानुवर्षे टिकते. याच प्रसरण-आकुंचनाने नट आपोआप ढिले होतात, ज्यासाठी उष्णतेत पकड न सोडणारे विशेष नट आणि अधूनमधून तपासणी लागते. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनातून दाबाखाली तेल द्यावे लागते, आणि ते परत जाण्याची नळी जाड व सतत उतरती हवी, कारण बेअरिंगमधून बाहेर पडलेले तेल फेसाळ असते आणि त्याच्यामागे कोणताही दाब उरलेला नसतो. ते केवळ गुरुत्वाकर्षणाने ऑइल चेंबरमध्ये उतरते. या नळीला उलटा उतार पडला किंवा ती चेंबरमधील तेलाच्या पातळीखाली जोडली गेली, तर तेल तुंबते, टर्बोच्या सीलमधून सायलेन्सरमध्ये जाते आणि गाडी निळा धूर सोडू लागते, ज्याचे खापर मग निष्कारण टर्बोवर फुटते. या नळीसाठी चेंबरला भोक पाडावे लागते, आणि चेंबर न उतरवता गाडीखाली पडून भोक पाडणारे लोक ग्रीस लावलेल्या ड्रिलने कीस पकडण्याचा प्रयत्न करतात. त्यातला एखादा कण तेलाच्या पंपात गेला तर वाचवलेल्या चार तासांची किंमत संपूर्ण इंजिन असते. तेलाची पुरवठा नळी लाल तापलेल्या टर्बाइनच्या अगदी जवळून जाते. ती गळली तर आग लागते. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी यांना उष्णतारोधक पत्रा हवा. ब्रेक बूस्टरच्या नळीतील एकतर्फी झडप सुस्थितीत हवी, कारण दाबाच्या काळात इनलेटमध्ये निर्वात उरत नाही. आणि गाडीखाली काम करताना ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नये, घोड्यांवरच, म्हणजे लोखंडी आधारांवरच, ठेवावी.

दाब किती वाढावा हे वेस्टगेट नावाची झडप ठरवते, जी ठरलेला दाब गाठताच जळक्या वायूचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडते. तिला दाबाची बातमी एका बारीक रबरी नळीतून मिळते. ती नळी निसटली किंवा वितळली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि दाब अनिर्बंध चढत जातो. म्हणून ठरावीक दाबापलीकडे इंधन किंवा ठिणगी तोडणारी मर्यादा ईसीयूत घालून ठेवणे ही ऐच्छिक बाब मानू नये.

हे सारे बिनचूक जमले तरी उरलेली गाडी जुनीच असते. क्लच ११६ अश्वशक्तीसाठी बेतलेला असतो. रेडिएटर तेवढ्याच उष्णतेसाठी, आणि आता त्याच्यापुढे इंटरकूलर उभा राहून हवा अडवतो. ब्रेक तेवढ्याच वेगासाठी. माझदाने स्वतः २००४ आणि २००५ मध्ये टर्बो लावलेली माझदास्पीड मियाटा विकली, तेव्हा १.८ लिटरच्या इंजिनातून १७८ अश्वशक्तीवरच समाधान मानले आणि सोबत क्लच, मागील गिअर, शीतन आणि सस्पेन्शन यांत बदल केले. तिचा कंप्रेशन रेशो ९.५ होता. जेटफायरला न पेललेला पेच अचूक इंजेक्शन, इंटरकूलर आणि बेताचा दाब यांनी पेलता येतो, हे त्या गाडीने दाखवले. घरच्या बांधणीने कारखान्याच्या या आत्मसंयमाकडे पाहून आपला आकडा ठरवावा. वरच्या हिशेबातले ०.५ बार १.६ लिटरच्या इंजिनाला, ठिणगी उशिरा टाकल्याने होणारी घट धरूनही, दीडशेच्या पुढे नेतात, आणि एक टनाच्या गाडीत तेवढ्याने वाहनाचे सारे व्यक्तिमत्त्व बदलते. त्यापलीकडच्या लोभात आधी कनेक्टिंग रॉड वाकतात, मग गिअरबॉक्स जातो.

कायद्याची बाजू प्रत्येक देशात निराळी आहे. अमेरिकेत उत्सर्जन-नियंत्रणात फेरफार करणे संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याखाली निषिद्ध आहे, आणि कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला असा संच लावायचा तर त्या संचाला राज्याच्या हवा-नियामक मंडळाचा विशेष आदेश मिळालेला असावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीएनजीचा संच मागाहून बसवता येतो तो या कायद्याने त्याला स्वतंत्र वाट ठेवली आहे म्हणून: संचाचा नमुना पुण्यातील एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो, तो अधिकृत केंद्रात बसवला जातो आणि नोंदणी प्रमाणपत्रात त्याची नोंद होते. घरी जमवलेल्या टर्बोला अशी वाट नाही. पीयूसी चाचणीत गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे सारे ठीक, हा समजही चुकीचा आहे, कारण ती चाचणी गाडी उभी असताना, इंजिनावर भार नसताना होते, जेव्हा टर्बो दाब देतच नसतो. आणि अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, ज्याचा भुर्दंड रस्त्यावरच्या तिसऱ्या, निरपराध माणसालाही बसू शकतो.

तरीही मारुती एस्टीम आणि होंडा सिटीसारख्या गाड्यांवर भारतात अशा बांधण्या झाल्या आहेत, आणि त्यांची उचित जागा बंदिस्त शर्यतमार्ग हीच आहे; सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे, कारण तेथे प्रयोगाला संमती न दिलेली माणसे चालत असतात. दुसरीकडे, ज्याला केवळ जोमदार गाडी हवी आहे त्याने हा खटाटोप करूच नये, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या छोट्या पेट्रोल गाड्या भारतीय बाजारात मुबलक झाल्या आहेत आणि त्यांच्यामागे हमी, चाचणी आणि सुट्या भागांचा पुरवठा उभा आहे.

मात्र ज्या तरुणांना इंजिन आतून समजून घ्यायचे आहे, त्यांनी या विद्येपासून दूर राहू नये. पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भंगारातले एखादे चालू इंजिन स्टँडवर चढवावे, प्रोग्राम करता येणारा ईसीयू आणि वाइडबँड सेन्सर त्याला जोडावेत, चारही सिलिंडरांचे कंप्रेशन मोजून लिहून ठेवावे, इंधनाचा तक्ता विद्यार्थ्यांकडून हाताने भरून घ्यावा, आणि हे सारे जमल्यावरच टर्बोचे खोके उघडावे.